दुसरी तार कुठे गेली?

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त काकांनी त्यांच्या वडिलांची जुनी मोटार पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरवले. वर्ष-दीड वर्ष खटपट चालली होती. इंजिन उतरवले, गंजलेला पत्रा कापून नवा जोडला, जुना रंग खरवडून काढून नवा चकचकीत रंग दिला. गाडी तयार झाली आणि पहिल्याच संध्याकाळी मागून येणाऱ्या एका स्कूटरवाल्याने त्यांना गाठून सांगितले, "काका, तुम्ही ब्रेक मारला की तुमचा डावा दिवा विझतो. मी आत्ता धडकणार होतो."

मी विज्ञान शिकवतो म्हणून मला बोलावणे आले. तोवर काकांनी बल्ब बदलून पाहिला होता, फ्यूज बदलला होता, ब्रेकच्या पेडलाजवळचा स्विचही नवा टाकला होता. आम्ही दोघांनी मिळून तीन निरीक्षणे वहीत लिहिली. एक : रात्रीचे दिवे लावले की मागचे दोन्ही दिवे सारखेच लागतात. दोन : दिवे न लावता नुसता ब्रेक दाबला, तर उजवा दिवा लख्ख पेटतो आणि डावा मिणमिणतो. तीन : दिवे लावलेले असताना ब्रेक दाबला, तर उजवा लख्ख होतो आणि डावा चक्क विझतो. जास्त वीज दिली की दिवा विझतो, हे काही माझ्या पाठ्यपुस्तकात बसेना.

शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधले मिस्त्री आले. त्यांनी बल्बला हातही लावला नाही. वायरचा हातभर तुकडा घेतला, त्याचे एक टोक डाव्या दिव्याच्या होल्डरला टेकवले आणि दुसरे डिकीतल्या एका उघड्या बोल्टला. दिवा लगेच ताळ्यावर आला. "बॉडी अर्थ मिळत नाही, सर," एवढेच ते म्हणाले.

अर्थ म्हणजे जमीन. पण मोटार तर चार रबरी टायरांवर उभी असते, तिचा जमिनीशी विजेचा संबंध काय? आणि संबंधच नसेल, तर मिस्त्रींच्या तोंडी हा शब्द आला कुठून? या प्रश्नाचा माग काढत गेलो, तेव्हा तो थेट तारायंत्राच्या काळापर्यंत पोहोचला.

नदी, रूळ आणि जमीन

आपण फळ्यावर परिपथ काढतो तेव्हा घटापासून दिव्यापर्यंत एक तार आणि दिव्यापासून घटापर्यंत दुसरी तार काढतो. मुले ते वहीत उतरवतात. मग एखादा चौकस मुलगा विचारतो, "सर, सायकलच्या डायनामोला एकच वायर कशी?" उत्तर सोपे आहे. दुसरी तार म्हणजे सायकलचा सांगाडा. प्रवाह वायरीतून दिव्याकडे जातो आणि लोखंडी सांगाड्यातून डायनामोकडे परततो. हे मुलांना पटते, पण ही युक्ती माणसाला सुचायला बराच काळ लागला.

परतीची वाट तारेचीच असावी लागते असे नाही, हे १७४७ मध्ये लंडनच्या विल्यम वॉटसन यांनी दाखवले होते. लेडन बरणीतला विद्युतभार त्यांनी तारेने थेम्स नदीपलीकडे नेला आणि परतीसाठी नदीचे पाणीच वापरले. पण तो एका क्षणाच्या ठिणगीचा खेळ होता. पुढे विद्युतघट आले, प्रवाह सतत मिळू लागला, तरी जायला एक आणि यायला एक अशा दोन तारा घालण्याची पद्धत चालू राहिली. १८३३ मध्ये गाउस आणि वेबर यांनी जर्मनीतल्या ग्योटिंगेन गावात वेधशाळा आणि भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा यांच्यामध्ये सुमारे एक किलोमीटर लांबीचे तारायंत्र उभारले, तेव्हाही घरांच्या छपरांवरून दोन तारा नेल्या.

तारेचा खर्च निम्म्यावर आणता येईल का, हा विचार गाउस यांच्याही मनात होता. रेल्वेचे रूळ आयतेच टाकलेले असतात, तेच तारा म्हणून वापरून पाहावेत, असे त्यांनी सुचवले. म्युनिकचे प्राध्यापक कार्ल श्टाइनहाइल यांनी १८३८ मध्ये न्यूरेंबर्ग ते फ्युर्ट या रेल्वेवर तो प्रयोग केला. प्रयोग फसला. रूळ जमिनीवर टेकलेले होते, त्यामुळे प्रवाह एका रुळातून जमिनीत आणि जमिनीतून दुसऱ्या रुळात पाझरू लागला. दुसरा कोणी असता तर साहित्य गुंडाळून घरी गेला असता. श्टाइनहाइल यांनी या अपयशाकडे उलट्या बाजूने पाहिले. जमिनीतून प्रवाह इतक्या सहज जात असेल, तर मग दुसऱ्या तारेची गरजच काय? दोन्ही टोकांना जमिनीत धातूचे पत्रे पुरले की जमीनच परतीची तार होईल. आणि तसेच झाले.

इथे विद्यार्थी शंका काढतील : माती तर चांगली वाहक नाही. खरे आहे. माती तांब्याच्या मानाने फारच वाईट वाहक आहे. पण वाहकाचा रोध जसा पदार्थावर अवलंबून असतो, तसा तो त्याच्या काटछेदाच्या क्षेत्रफळावरही असतो. पुरलेल्या पत्र्याजवळ प्रवाहाला थोडी जागा मिळते, तिथे काय तो रोध जाणवतो. थोडे दूर गेले की प्रवाह चहूकडे पसरतो, आणि एवढ्या रुंद वाटेचा रोध नगण्य होतो. म्हणूनच पत्रा ओल्या जमिनीत पुरत. पुढे जगभर पसरलेली तारायंत्रे मुख्यतः याच एकेरी तारेवर चालली. परतीच्या वाटेला 'अर्थ' म्हणण्याची रूढी तिथली.

सामाईक वाटेची किंमत

वाट सगळ्यांची झाली की भांडणेही येतात. १८८० च्या दशकात दूरध्वनी पसरू लागला, तोही सुरुवातीला एक तार आणि परतीला जमीन अशाच रीतीने. त्याच दशकाच्या शेवटी विजेच्या ट्रामगाड्या आल्या. अमेरिकेतल्या रिचमंड शहरात १८८८ मध्ये फ्रँक स्प्रेग यांनी विजेच्या ट्रामचे मोठे जाळे चालवून दाखवले. ट्रामला डोक्यावरच्या तारेतून वीज मिळे आणि प्रवाह रुळांतून परते. रुळांतून काही प्रवाह जमिनीत पाझरे, आणि शेजारच्या दूरध्वनीत ट्रामची घरघर ऐकू येई. दूरध्वनीला शेवटी दोन तारांकडे वळावे लागले. पाझरलेला प्रवाह जमिनीखालच्या पाण्याच्या आणि गॅसच्या लोखंडी नळांतही शिरे, आणि जिथून तो नळ सोडून बाहेर पडे, तिथे नळ झिजून भोके पडत.

आपल्याकडेही परतीची ही वाट सगळ्यांच्या पायांखालून गेलेली आहे. मुंबईत १९०७ ते १९६४ विजेची ट्राम धावली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची आगगाडी सुरू झाली, ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. आज तिथे २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आहे, पण डोक्यावर तार आणि परतीला मुख्यतः रूळ ही रचना कायम आहे.

या साऱ्यातून एक गोष्ट ध्यानात ठेवायची. परतीची वाट सामाईक असली आणि ती कुठे बिघडली, तर प्रवाह थांबेलच असे नाही. तो मिळेल त्या दुसऱ्या वाटेने जातो. ओढ्यावरचा पूल वाहून गेला की माणसे शेताच्या बांधावरून जातात, तसेच हे. बिघाड एका जागी असतो आणि त्रास भलतीकडे दिसतो.

मोटारीत एक तार

पहिल्या मोटारींना विजेचे दिवे नव्हते. पुढे कार्बाइडच्या गॅसचे दिवे आणि मागे बहुधा तेलाचा लहान दिवा असे. पण वीज मोटारीत शिरली होती, ती इंजिनात ठिणगी पाडण्यासाठी. १९०२ मध्ये बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. त्याची ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग इंजिनात आटे देऊन बसवलेला असतो, म्हणजे त्याची बाहेरची बाजू आपोआप इंजिनाच्या धातूला जोडली जाते. प्लगला म्हणूनच एकच वायर येते. एकेरी तारेची पद्धत मोटारीत अशी इंजिनाच्या बाजूने आली.

१९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर, ठिणगी आणि दिवे या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या. त्या काळात मोटारींच्या बॉडीत लाकूड भरपूर असे. लाकडातून प्रवाह परतत नाही, म्हणून परतीसाठी लोखंडी चासीपर्यंत तार न्यावी लागे, काही गाड्यांत तर सरळ दोन तारा घालत. मग पोलादी बॉडी आली. एडवर्ड बड यांच्या कारखान्याने १९१४ पासून डॉज मोटारींसाठी संपूर्ण पोलादी बॉडी बनवायला घेतली. १९३४ च्या सिट्रोएन 'त्राक्सियाँ आवाँ' या गाडीत तर बॉडी आणि चासी असा भेदही उरला नाही. पत्र्याची सगळी बॉडीच आता परतीची तार झाली. प्रत्येक दिव्यामागे एक तार वाचली. नाव मात्र तारायंत्राचेच राहिले : अर्थ.

या पद्धतीला अपवाद आहेत, आणि ते शिकवायला फार उपयोगी आहेत. १९५३ मध्ये आलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेट गाडीची बॉडी फायबरग्लासची होती. अशा बॉडीतून प्रवाह जात नाही, म्हणून मागच्या दिव्यांपर्यंत परतीची वेगळी तार न्यावीच लागते.

जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्याने आणखी दोन गोष्टी आधी पाहाव्यात. पहिली, बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे. ब्रिटिश गाड्यांत १९३० च्या दशकापासून धन टोक बॉडीला जोडण्याची पद्धत होती. पुढे आल्टरनेटर आणि अर्धवाहकांची उपकरणे आली, तेव्हा १९६० च्या दशकात ऋण टोक बॉडीला जोडू लागले. एमजीबी या गाडीत हा बदल १९६७ मध्ये झाला. साध्या बल्बच्या तंतूला धन-ऋण काही कळत नाही, एलईडीला कळते. धन टोक बॉडीला असलेल्या गाडीत ऋण पद्धतीचा एलईडी बल्ब बसवला, तर तो पेटणारच नाही, आणि दोष बिचाऱ्या वायरिंगवर येईल.

दुसरी गोष्ट बॅटरीच्या दाबाची. पूर्वी अनेक गाड्या ६ व्होल्टवर चालत. अमेरिकेत फोर्डने १९५६ मध्ये १२ व्होल्टची पद्धत घेतली. तेवढ्याच वॅटच्या दिव्याला ६ व्होल्टवर दुप्पट प्रवाह लागतो, त्यामुळे सैल किंवा गंजलेल्या जोडावर दाबाची घटही दुप्पट होते. शिवाय मूळ दाब निम्माच, म्हणजे नुकसानीचे प्रमाण जवळजवळ चौपट. ६ व्होल्टच्या गाड्यांचे दिवे मंद, ही तक्रार बऱ्याचदा अशा जोडांचीच असते.

दिवा का विझला?

आता काकांच्या गाडीकडे परत येऊ. मागच्या दिव्याच्या एकाच काचेत दोन तंतू असतात. लहान तंतू साधारण ५ वॅटचा, तो रात्रभर जळण्यासाठी. मोठा २१ वॅटचा, तो ब्रेकसाठी. प्रत्येक तंतूचे एक टोक बल्बच्या बुडाशी वेगळ्या ठिपक्याला जोडलेले असते. दोघांची दुसरी टोके एकत्र येऊन बल्बच्या धातूच्या टोपीला मिळतात. टोपी होल्डरला, होल्डर स्क्रूने बॉडीला, आणि बॉडी बॅटरीला. अशी ही परतीची साखळी.

डाव्या होल्डरचा बॉडीशी संबंध तुटला होता. रात्रीचे दिवे लावले की प्रवाह लहान तंतूतून टोपीपर्यंत येतो आणि अडतो. पण टोपीला मोठा तंतूही जोडलेला आहे. प्रवाह त्यातून उलटा शिरतो, ब्रेकच्या वायरीतून उजव्या दिव्याच्या मोठ्या तंतूकडे जातो आणि तिथल्या चांगल्या अर्थातून परततो. मोठे तंतू थंड असताना त्यांचा रोध अगदी कमी असतो, म्हणून जवळजवळ सगळा दाब लहान तंतूलाच मिळतो. तो नेहमीसारखा जळतो आणि बिघाड लपून राहतो.

नुसता ब्रेक दाबला तर हाच प्रवास उलट दिशेने. डाव्या मोठ्या तंतूतून लहान तंतूत, तिथून रात्रीच्या दिव्यांच्या वायरीत, आणि इतर लहान दिव्यांतून बॉडीत. मोठा तंतू तापतच नाही, लहान तेवढा मिणमिणतो.

दिवे लावून ब्रेक दाबला, तर दोन्ही वायरींवर बॅटरीचा पूर्ण दाब येतो. डाव्या बल्बच्या दोन्ही ठिपक्यांवर १२ व्होल्ट. विभवांतर शून्य, म्हणून प्रवाह शून्य. दिवा विझतो. आपण वर्गात पहिल्याच तासाला सांगतो तो नियम इथे रस्त्यावर उभा होता, आणि मला तो ओळखता आला नाही.

हा बिघाड नुसता गमतीचा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन तेवढे अंतर सव्वानऊ सेकंदांत कापते. त्या वेळात मागच्या माणसाला दिसते काय, तर एक दिवा विझलेला आणि एक पेटलेला. मोटार त्याला मोटारसायकल वाटू शकते, किंवा गाडी वळते आहे असा त्याचा समज होऊ शकतो. आणि गाडीत बसलेल्याला हे कधीच दिसत नाही.

संबंध पूर्ण न तुटता नुसता गंजला, तरी नुकसान होते. समजा, होल्डर आणि बॉडी यांमध्ये १ ओहमचा रोध आला. दोन्ही तंतू मिळून २६ वॅट, म्हणजे त्यांचा एकत्र रोध सुमारे ५.५ ओहम. आता प्रवाह सुमारे १.८ ॲम्पिअर होईल आणि गंजावरच १.८ व्होल्ट खर्च होतील. दाब सुमारे १५ टक्के कमी झाला, पण तंतूच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या मानाने फार वेगाने घटतो. तो जवळजवळ निम्म्यावर येतो.

शोधायचे कसे?

नव्याने रंगवलेल्या गाडीत हा दोष हमखास आढळतो, कारण रंग विद्युतरोधक आहे. होल्डर जिथे बॉडीला टेकतो, तिथेही रंग बसलेला असतो. काकांच्या गाडीत नेमके तेच झाले होते.

तपासण्याची रीत अशी. दिवे लावा, कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. मल्टिमीटर एकदिश व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या बॉडीला जोडलेल्या खुंटाला आणि दुसरे दिव्याच्या होल्डरला लावा. परतीची वाट चांगली असेल, तर एक-दोन दशांश व्होल्टच दिसतील. एक व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर बिघाड परतीच्या वाटेवर आहे. संबंध पूर्ण तुटला असेल, तर जवळजवळ १२ व्होल्ट दिसतील. मग टोक सरकवत जा : होल्डर, त्याशेजारचा उघडा पत्रा, चासी, बॅटरीची पट्टी. जिथे आकडा एकदम खाली येतो, त्याच्या अलीकडचा जोड दोषी. ही तपासणी दिवे चालू ठेवूनच करायची. दिवे बंद करून नुसता रोध मोजला, तर मीटरचा इवलासा प्रवाह गंजलेल्या जोडातूनही निघून जातो आणि सगळे ठीक असल्याचा भास होतो.

दोष सापडला की बॅटरीचे टोक काढा, जोडाखालचा रंग आणि गंज पत्रा चमकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. त्याहून चांगले म्हणजे होल्डरपासून बोल्टपर्यंत एक वेगळी तार. ब्रिटिश पद्धतीच्या वायरिंगमध्ये अर्थची तार काळी असते, मागच्या लहान दिव्याची लाल, आणि ब्रेकच्या दिव्याची हिरवी, जांभळ्या रेघेची. हे रंग ठाऊक असले की जुन्या गाडीचे वायरिंग बरेचसे वाचता येते.

वर्गात करून पाहा

बिस्किटांचा पत्र्याचा डबा, दोन सेल आणि दोन सेलच्या टॉर्चचे चार बल्ब घ्या. डबा म्हणजे बॉडी. डब्याला घासून स्वच्छ केलेल्या जागी सेलचे ऋण टोक जोडा. दोन-दोन बल्बांच्या जोड्या करा. प्रत्येक जोडीतल्या दोन्ही बल्बांचे एकेक टोक एकत्र बांधून डब्याला जोडा. उरलेल्या टोकांपैकी दोन्ही जोड्यांतल्या पहिल्या बल्बांची टोके एका वायरीला (ही रात्रीच्या दिव्याची), आणि दुसऱ्या बल्बांची टोके दुसऱ्या वायरीला (ही ब्रेकची) जोडा.

आता पहिली वायर सेलच्या धन टोकाला लावा. दोन्ही जोड्यांतला पहिला बल्ब पेटेल. एका जोडीचे टोक डब्यापासून सोडवा. खिडक्या लावून अंधार केलात, तर त्या जोडीतले दोन्ही आणि शेजारच्या जोडीतला दुसरा असे तीन बल्ब मंद लालसर झालेले दिसतील. प्रवाह परक्या वाटेने चालला आहे. आता दुसरी वायरही धन टोकाला लावा. सोडवलेली जोडी विझेल, दुसरी लख्ख पेटेल. कारण आधी सांगू नका. मुलांनाच प्रवाहाची वाट बोटाने दाखवायला सांगा.

काकांच्या गाडीत आता डाव्या आणि उजव्या दोन्ही होल्डरपासून एकेक काळी तार बोल्टपर्यंत गेली आहे. मिस्त्रींनी नवा रंग कानसेने खरवडला, तेव्हा काकांनी तोंड फिरवून घेतले होते. फळ्यावर परिपथ काढताना मी हल्ली परतीची रेघ काढत नाही. "दुसरी तार कुठे आहे?" असे विचारतो, आणि ती काढायला मुलांपैकी कोणाला तरी फळ्याजवळ बोलावतो.